एका खोक्याचे दोन धनी

पुणे
२९ जून २०२५

काका, पाया पडते.

फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही, आणि तुमच्या प्रभूकडं निरोप द्यावा तर अर्धा तो वाटेतच गिळतो. काकीला सांगावं तर ती आधी "जेवलीस का" विचारते, मग "काय जेवलीस" विचारते, आणि तेवढ्यात माझी मीटिंग येते. म्हणून कागद घेतला. आपल्या वस्तीची सगळी पत्रं तुम्हीच लिहायचात, त्यामुळं तुम्हाला लिहिताना अजून शुद्धलेखनाची धास्ती वाटते.

गावाकडच्या आरोग्य मंडळाच्या ॲपबद्दल विचारायचं आहे. गेल्या दिवाळीत मी समजावत होते आणि तुम्ही "हां, हां" म्हणत मेंढीच्या खुरातला काटा काढत होता, तेच. मंडळाची पाच केंद्रं, प्रत्येक केंद्राच्या फ्रीजमध्ये सापाच्या विषावरच्या इंजेक्शनांचे खोके. एका माणसाला सुरुवातीलाच एक अख्खा खोका लागतो. पूर्वी जीपवाले पेशंट घेऊन या केंद्रावरून त्या केंद्रावर हिंडायचे. आता मोबाईलवर दिसतं कुठं खोका आहे, "राखून ठेवा" दाबायचं आणि सरळ तिकडं गाडी घालायची. आपला प्रभू त्यावरच जीप चालवतो.

हे मी ज्या पद्धतीनं लिहिलंय तिला फंक्शनल प्रोग्रामिंग म्हणतात. तिचा मोठा नियम एकच. एकदा मांडलेला आकडा पुसायचा नाही. नवा आकडा हवा तर नवा कागद घ्यायचा. त्यामुळं हजार जण एकाच वेळी कामाला लागले तरी कुणी कुणाच्या कागदावर हात मारत नाही. या नियमाचा मला फार गर्व होता काका. ऑफिसात लोकांना मी तोऱ्यात सांगायचे, की माझ्या कामात धक्काबुक्की होतच नाही.

परवा सरावाच्या प्रतीवर दोन खोटे जीपवाले उभे केले आणि दोघांकडून एकाच क्षणी बटण दाबवलं. खोका एकच होता. ॲपनं दोघांनाही सांगितलं, "राखून ठेवला, या."

चारशे वेळा करून पाहिलं, एकदाच झालं. मला एवढंच सांगा, जीप पोचली आणि फ्रीज रिकामा, असं कधी कानावर आलंय का? म्हणजे डोळ्यावर.

तुमची मोहिनी

---

कुरुंदा
६ जुलै

मोहिने,

आशीर्वाद. कानावरून चेष्टा करून राहिली का बापाच्या भावाची? कर, कर. मला ऐकू येत न्हाई म्हणून तुझ्या काकीशी संसार झाला, न्हाईतर कवाच पळून गेलो असतो.

तसं काही घडल्याचं कुणी सांगितलं न्हाई. प्रभू म्हणतो ॲप बराबर चालतं. पण तुझं पत्र वाचून मला आपली जुनी गोष्ट आठवली. एका मेंढराला दोन धनी, ते आमी करून बसलोत.

तुझा बाप आणि मी तवा नवे धनगर. दोघांची मेंढरं एकाच वाघरीत, म्हंजे जाळीच्या कोंडवाड्यात, बसवायचो. सांजच्याला मोजायची घाई. तो इकल्ल्या टोकानं मोजायचा, मी तिकल्ल्या. मधी मेंढरं हलायची. त्यानं मोजलेली मेंढी चालत माझ्याकडं यायची, मी बी तिला मोजायचो. दोघांची बेरीज बराबर, दोघं बी खुशाल भाकर खायला बसलो. सकाळी लांडग्यानं एक गाभण मेंढी फाडलेली घावली. ती सांजेपासूनच आत नव्हती. आमी तिच्या जागी दुसरीला दोनदा मोजलं व्हतं.

त्या दिवशी आबानं, म्हंजे आमच्या बापानं, दोघाला बी काठीनं झोडलं आणि रीत घालून दिली. वाघरीला तोंड एकच ठेवायचं. तोंडात काठी आडवी धरून एकच जण उभा राहील. एकेक मेंढी काठीखालून जाईल. मोजणारा काठी उचलत न्हाई तवर "किती झाली" असं कुणी विचारायचं बी न्हाई. विचारलं की इसरतंय ना माणूस!

तुझ्या ॲपला दोन टोकं हायेत का ते बघ.

इकडं हळदीत खुरपण चालू हाय. काकी रोज जाती. ऐकत न्हाई. गवत मांडीएवढं झालंय.

नामाजी

---

पुणे
१९ जुलै

काका,

तुमची मेंढी मी ऑफिसात सगळ्यांना सांगितली. आधी हसले. मग आमच्यातली एक मोठी बाई म्हणाली, "तुझे काका बरोबर सांगतात."

माझ्या ॲपला दोन टोकं आहेत. दोनच कशाला, पाच केंद्रांना दहा जीपवाले, तितकी टोकं. जीपवाल्यानं विचारलं की ॲप त्याला साठ्याची एक प्रत देतं. ती प्रत कुणी बिघडवू शकत नाही, त्याचाच मला गर्व. पण ती त्या क्षणाची असते. दोघांना एकाच क्षणी प्रत मिळाली तर दोघांच्याही कागदावर "एक खोका शिल्लक" असंच. मग दोघंही आपापलं नाव पाटीवर लिहायला धावतात, आणि जो मागून लिहितो त्याचं नाव आधीच्यावर बसतं. आधीच्याला पत्ताही लागत नाही. प्रत्येकाचा कागद स्वच्छ ठेवला मी, पण सगळ्यांची मिळून जी एक पाटी आहे, तिच्या तोंडात काठी धरायला कुणी ठेवलंच नाही.

ऑफिसातला एक जण म्हणाला, हजारात एकदा होईल, पुढच्या महिन्यात बघू. मीही "बरं" म्हणाले. मंडळाला अजून सांगितलेलं नाही. काय सांगू? फुकट करून दिलं म्हणून त्यांनी माझा सत्कार केला, नारळ दिला. तो नारळ अजून फोडलेला नाही.

आणखी एक सांगते, रागावू नका. खऱ्या ॲपची एक वही असते, तिच्यात घडलेलं सगळं उतरतं. ती उघडली की कळेल हे खरोखर कधी झालंय का. चार दिवस झाले, माझा हात जात नाही.

प्रभूला फोन लावते तर परवापासून बंद. काकीचा फोन शेजारच्या नर्मदाबाईनं उचलला, म्हणाली सगळी देवाला गेलीत. या दिवसांत कोणत्या देवाला? प्रभूला एवढं सांगा, की "राखून ठेवला" दिसलं तरी निघण्याआधी केंद्रावर फोन करून विचार. का ते मी त्याला नंतर सांगेन.

मोहिनी

---

२६ जुलै

मोहिनीस आशीर्वाद.

इकडं सगळं बराबर हाय. काळजी करू नको. देवाला गेलो व्हतो.

प्रभूनं जीप सोडली. काहून ते विचारू नको.

एक इचारतो. एका जीपवाल्यानं खोका राखून ठेवला आणि दुसऱ्यानं तो उचलून आपल्या पेशंटला दिला, असं तुझ्या ॲपमधी करता येतं का? म्हंजे कुणी जाणून बुजून चोरी करू शकतं का? खरं खरं लिही. दोन ओळी लिहिल्या तरी चालंल, पण लवकर लिही.

काकी बरी हाय. तिनं तुला सांगितलंय जेवत जा.

नामाजी

---

पुणे
३० जुलै

काका,

तुम्ही गावाचं नाव लिहिलं नाही. पत्र मेडिकलच्या कागदाच्या पाठीवर आहे आणि कागदावर नांदेडचा पत्ता छापलेला आहे. आणि काकी निरोपात नुसतं "जेवत जा" म्हणून थांबत नाही. काय जेवू ते सांगते.

मी वही उघडली.

१७ जुलै, दुपारी चार वाजून बारा मिनिटं. जवळा बाजारच्या केंद्रात एक खोका. प्रभूनं राखून ठेवला, पेशंट निलम, वय चोवीस. त्याच क्षणी योगेशच्या जीपमधून राखून ठेवला, पेशंट अनुसयाबाई, वय अठ्ठावन्न, गाव कुरुंदा.

काकीचं नाव वाचलं आणि मी खुर्चीवरून उठले ते कुठं जायला उठले तेच कळेना. जिन्यात जाऊन बसले.

काका, ही पुढची ओळ प्रभूला दाखवा. आत्ता, पत्र वाचून संपायच्या आधी. प्रभ्या, तू चोरी केली नाहीस. तो खोका तुझ्याच नावावर होता. तुझं नाव आधी लागलं. पाटीवर योगेशचं नाव राहिलं कारण त्याचं डोळ्याचं पातं लवायच्या आत मागून आलं आणि तुझ्या नावावर बसलं. ॲपनं तुला खरं सांगितलं आणि योगेशला खोटं. पण वहीत पुसता येत नाही, तिथं फक्त खाली लिहिता येतं, आणि तिथं तुम्ही दोघं आहात, तू वर आहेस. चूक माझी आहे. मला ती वीस दिवस आधी माहीत होती, आणि मी गप्प बसले.

तोंडानं हे सांगायला माझी जीभ रेटणार नाही म्हणून आधी लिहिते आहे.

मंडळाला आज फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी ॲप बंद केलं. आता नवीन भीती अशी की कुठल्या फ्रीजमध्ये काय आहे हे कुणालाच दिसत नाही. पेरण्या झाल्यात, गवत वाढलंय, आणि जीपवाले पुन्हा पहिल्यासारखे हिंडणार. दुरुस्तीला मला आठ-पंधरा दिवस लागतील. आत्ता निघाले तर ती थांबते.

काकी कशी आहे? आहे ना? काका, मी तिकडं येऊ की इथं बसू? तुम्ही सांगाल ते करते.

मोहिनी

---

कुरुंदा
५ ऑगस्ट

मोहिनी,

काकी हाय. आधी तेवढं लिहितो.

घोणस व्हती. हळदीच्या सरीत पायाला डसली. योगेश जवळच व्हता, त्यानं उचलली. त्याच्या मोबाईलवर जवळा बाजार दिसलं, राखून ठेवला, सुसाट गेला. तिथं पोचला तर आपला प्रभू केंद्राच्या पायरीवर पाणी पिऊन राहिलेला. त्याच्या पेशंटला, त्या निलमला, खोका सुरू झाला व्हता. योगेश वरडला, "माझ्या नावावरचा खोका कुणी घेतला?" नर्सबाईनं मोबाईल पाहिला, तर योगेशचंच नाव. प्रभूनं जीपमधी डोकावून पाहिलं आणि त्याला त्याची माय दिसली.

तिथून नांदेडला दीड तास. तिच्या हिरड्यातून रगत येत व्हतं. चार बार रगत धुतलं मशीनीवर. पायाची दोन बोटं गेली.

प्रभू सतरा दिवस बोलला न्हाई. गावात लोक म्हणत व्हते, पोरानं मायचं औषध चोरून दुसऱ्याला दिलं. मला ऐकू येत न्हाई, पण लोकाची तोंडं दिसतात ना. मी बी त्याला इचारलं न्हाई, मोहिने. माझ्या बी मनात आलं, की यानं गडबडीत दुसऱ्याचं उचललं असंल. बाप असून आलं.

तुझी ती ओळ मी त्याला दाखवली. त्यानं तीनदा वाचली. मग वसरीत भितीकडं तोंड करून बसला आणि पाठ हलताना दिसली. नंतर दीड भाकर खाल्ली.

तुझा राग आला. खोटं कशाला बोलू? माहीत असून गप्प बसलीस. तुझ्या आबानं तुला बी काठीनं झोडलं असतं.

आता काकीचं ऐक. ॲप बंद झालं म्हणून जीपवाले पुसायला येऊन राहिले. तर हिनं खाटंवर बसून पाच वाट्या मांडल्या. एक वाटी एक केंद्र. वाटीत जितके खडे तितके खोके. केंद्रावाल्यांना सांगून ठेवलं, की नवा खोका आला तर मला कळवा, आणि मला पुसल्याबगर कुणाला देऊ नका. जीपवाले हिच्या मोबाईलवर फोन करतात. एका टायमाला एकच फोन लागतो, दुसरा वाट बघतो. ही आधी खडा काढती, पदरात टाकती, मग तोंड उघडती, "जवळ्याला जाय." अक्षर येत न्हाई तिला, पण सात दिवसांत एकाला बी रिकामा फ्रीज दिसला न्हाई.

एक नेम केलाय तिनं. कुणी "हाय का" असं इचारलं की फोन ठेवून देती. म्हणती, "हाय का इचारतंय, मी हाय म्हणते, मग ते इचार करत बसतंय, तवर दुसरा घेऊन जातो. 'दे' म्हणा. हाय तर देते, न्हाई तर दुसरीकडं धाडते."

पण पोरी, भ्या वाटतं. परवा गोळीच्या गुंगीत तिचा डोळा लागला दुपारचा. मला घंटी ऐकू येत न्हाई. उजेड लागलेला दिसला म्हणून हलवून उठवली, तर सात फोन येऊन गेले व्हते. सात! एक त्यातला सापाचा व्हता. माणूस वाचलं, पण नशिबानं. आता मी दिवसभर तिच्या मोबाईलकडं बघत बसतो. मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली केली.

ती म्हणती, मोहिनीला इथं येऊन रडायचं असंल तर नंतर ये. आधी काम कर. हे हिच्यानं जास्त दिवस व्हणार न्हाई.

नामाजी

---

पुणे
१४ ऑगस्ट

काका,

झालं. काकीनं सांगितलं तसंच केलं, अक्षरशः.

आता प्रत्येक केंद्राला ॲपमध्ये एकच राखणदार आहे. साठा त्याच्या एकट्याजवळ. दुसऱ्या कुणाला तो पाहायचीसुद्धा परवानगी नाही, बदलायची तर नाहीच. जीपवाल्यांचे निरोप त्याच्या दारात ओळीनं लागतात. तो एक घेतो, खडा काढतो, उत्तर देतो, मगच पुढचा. "आहे का" हा प्रश्न ॲपमधून काढूनच टाकला. एकच बटण ठेवलंय, "द्या". आणि राखणदाराचा डोळा लागला, म्हणजे तो बंद पडला, तर त्याच्यावर बघत बसणारा दुसरा आहे, तो त्याला हलवून उठवतो आणि वहीवरून खडे पुन्हा मांडून देतो. ते तुम्ही आहात.

एक खोका ठेवून वीस हजार खोटे जीपवाले एकाच वेळी सोडले. एकालाच मिळाला. पुन्हा सोडले. शंभर वेळा केलं. दरवेळी एकालाच.

तरी मन मानत नाही. आधीही मला खात्रीच होती ना? म्हणून काकीला विचारा, आणखी आठ दिवस ती वाट्या तशाच ठेवील का? ॲप एकीकडं आणि खडे एकीकडं. कुठं फरक पडला तर खडे खरे. मंडळालाही तसंच लिहून दिलंय.

माझा बाप गेला तेव्हा मी सहा वर्षांची होते. काकीनं मला प्रभूच्याच ताटात वाढलं, कधी वेगळं ताट केलं नाही. आणि मी तिला मारत होते, काका. साप नंतर आला, मी आधी.

२५ तारखेच्या सोमवारी सुट्टी टाकलीय. बॅग भरून ठेवलीय, पण अजून तिकीट काढलेलं नाही. काकीला विचारून कळवा. तिच्या घरात माझी जागा आहे का?

मोहिनी

---

कुरुंदा
२० ऑगस्ट

मोहिनी,

परवाचं सांगतो. प्रभू जीपवर परत गेलाय. त्या दिवशी दुपारी त्याच्या जीपमधी शेतातलं माणूस व्हतं, साप डसलेलं. त्यानं "द्या" दाबलं. त्याच टायमाला दुसऱ्या जीपवाल्यानं बी दाबलं. दोघाला बी जवळा बाजारच जवळ, आणि तिथं खोका एक.

काकी वाट्या घेऊन बसलेली. तिचा फोन वाजला, तो दुसरा जीपवाला व्हता. तिनं जवळ्याच्या वाटीतला खडा काढला, पदरात टाकला. लगेच प्रभूचा आला. तिनं वाटीत बोट फिरवलं. रिकामी. मी तिच्या तोंडाकडं बघत व्हतो. असं तोंड मी नांदेडला बी पाहिलं न्हाई तिचं. आपल्या पोराला "न्हाई" म्हणायचं व्हतं तिला.

ती म्हणाली, "न्हाई बाबा. औंढ्याला जाय."

प्रभू तिकडून म्हणाला, "माय, मी औंढ्याच्या वाटंलाच हाय. ॲपनं आधीच धाडलं."

तिनं मला ते हातवारे करून सांगितलं आणि खाटंवर आडवी झाली. घामानं भिजली व्हती. मी फडकं वलं करून तोंड पुसलं. प्रभूचा पेशंट वाचला. त्या दुसऱ्याचा बी वाचला. सांजच्याला प्रभू घरी आला, हिच्या पायाशी बसला, आणि उरलेली तीन बोटं धरून बसून राहिला. दोघं काही बोलली असतील तरी मला कुठं कळणार व्हतं.

खडे आणि ॲप, आजपतोर फरक न्हाई. पण वाट्या ती उचलत न्हाई. म्हणती, असू दे चार दिवस, भ्या गेलं न्हाई अजून. माझं बी गेलं न्हाई. फोनचा उजेड लागला की हातातलं टाकून धावतो.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. सगळं ऐकलं, तुझ्या बापाचं आलं तिथं डोळे पुसले. शेवटाला आलो, "तिच्या घरात माझी जागा आहे का", तर तिनं माझ्या हातातला कागदच काढून घेतला, दुमडला, आणि उशाखाली ठेवला. मी म्हणलं, अगं जबाब काय लिहू?

तर म्हणती, "तिला लिहा, 'हाय का' इचारणाऱ्याचा फोन मी ठेवून देते. 'येते' म्हणायचं."

नामाजी